कोपऱ्यातला अंधार आणि किरणांची मोळी

फोटोचे कोपरे काळवंडले की सल्ला ठरलेला असतो: अ‍ॅपर्चर दोन स्टॉप बंद करा, जाईल. (अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधलं प्रकाश आत घेणारं भोक; एक स्टॉप बंद म्हणजे प्रकाश निम्मा; आणि एफ पुढचा आकडा जितका मोठा तितकं भोक लहान.) सल्ला खोटा नाही. ५० मिमीच्या लेन्सवर एफ/१.८ ला दिसणारी कोपऱ्यांतली काळोखी एफ/४ ला खरोखरच बरीचशी निघून जाते. मग तोच सल्ला गाठीशी बांधून माणूस २४ मिमीच्या लेन्सवर यूव्ही फिल्टर (लेन्सपुढची साधी संरक्षक काच) आणि त्याच्यावर पोलरायझर (आभाळ गडद करणारा फिल्टर) चढवतो, हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर उभा राहतो, एवढा मोठा अर्धवर्तुळाकार कडा सगळाच रेखीव यावा म्हणून एफ/११ लावतो, आणि घरी येऊन बघतो तर चारही कोपरे कुणी कात्रीने कापून टाकावेत तसे काळे. गंमत म्हणजे याच जोडणीत एफ/२.८ ला काळे कोपरे नव्हते, नुसती सावली होती. अ‍ॅपर्चर बंद केल्यावर एका लेन्सवरचा अंधार गेला आणि दुसऱ्या लेन्सवरचा अंधार पक्का झाला.

यात विरोधाभास काही नाही. दोन्हीकडे नियम एकच चालतो, पण तो अर्धाच सांगितला जातो.

जुन्या वाड्यात दोन हात जाडीच्या भिंतीतल्या खिडकीतून जमिनीवर ऊन येतं. त्या उन्हाच्या पट्ट्याच्या कडेला एक परात ठेवली, अशी कल्पना करा. खिडकीच्या चौकटीची सावली परातीच्या मधून गेली, तर अर्धी परात उन्हात, अर्धी सावलीत. परातीत पडणारं एकूण ऊन अर्धं झालं, पण शून्य झालं नाही. ऊन सरकत जाईल तशी सावली परातीवरून हळूहळू पुढे जाईल आणि परात पूर्ण झाकायला बराच वेळ लागेल. आता परात उचला आणि ती होती तिथे, तिच्या बरोबर मध्यावर, रुपयाचं नाणं ठेवा. नाण्याला अर्धवट अवस्था जवळजवळ नसते. सावलीची कड त्याच्यावरून क्षणात निघून जाते. एक तर नाणं उन्हात असतं, नाहीतर सावलीत.

परात म्हणजे उघडं अ‍ॅपर्चर, नाणं म्हणजे बंद केलेलं अ‍ॅपर्चर, आणि खिडकीची चौकट म्हणजे फिल्टरची रिंग किंवा हूडची, म्हणजे बाजूचा उजेड अडवणाऱ्या लेन्सपुढच्या कड्याची, कड. महत्त्वाचा प्रश्न एकच: परातीचा मध्यबिंदू उन्हात होता की सावलीत? उन्हात असेल, तर परातीच्या जागी नाणं ठेवल्याने सगळं ठीक होतं. सावलीत असेल, तर नाण्याला काहीच मिळत नाही. मोठी परात होती तेव्हा निदान तिच्या एका कडेला तरी ऊन लागत होतं.

लेन्समध्ये हे कसं घडतं ते जरा आकड्यांत बघू, कारण आकड्यांशिवाय ही चर्चा ‘माझ्या लेन्सवर असं होत नाही’ एवढ्यावर येऊन अडकते.

लेन्सच्या समोरून आत डोकावलं की पात्यांनी बनलेलं अ‍ॅपर्चरचं भोक दिसतं. ते दिसतं तिथे आणि दिसतं तेवढं प्रत्यक्षात नसतं. पुढच्या काचांमधून दिसणारी ती त्याची प्रतिमा असते. तिला लेन्सची बाहुली म्हणू, डोळ्याच्या बाहुलीसारखी. या बाहुलीचा व्यास म्हणजे फोकल लेंथ (लेन्सच्या नावातला मिमीचा आकडा) भागिले एफ नंबर. २४ मिमीच्या लेन्सला एफ/२.८ वर बाहुली ८.६ मिमीची, एफ/११ वर २.२ मिमीची. ५० मिमीला एफ/१.८ वर जवळजवळ २८ मिमीची, एफ/८ वर सव्वासहा मिमीची. २०० मिमीला एफ/२.८ वर ७१ मिमी, म्हणजे पुढची काच जवळपास व्यापणारी.

दूरच्या प्रत्येक बिंदूकडून प्रकाशकिरणांची एक मोळी या बाहुलीकडे येते. मोळीची जाडी बाहुलीएवढीच असते. चौकटीच्या मध्यासाठीची मोळी सरळ येते, कोपऱ्यासाठीची तिरकी. किती तिरकी, ते फोकल लेंथ ठरवते: ३६ बाय २४ मिमीच्या फुल फ्रेम सेन्सरचा अर्धा कर्ण २१.६ मिमी, त्यामुळे ५० मिमी लेन्सवर कोपऱ्याची मोळी अक्षापासून २३ अंश कललेली असते, ३५ मिमीवर पावणेबत्तीस, २४ मिमीवर ४२, आणि २० मिमीवर ४७ अंश. तिरकी मोळी बाहुलीपासून जितकी पुढे जाल तितकी अक्षापासून बाहेर जाते. फिल्टर किंवा हूड बाहुलीच्या पुढे असतो, म्हणून कोपऱ्याची मोळी त्याच्या कडेला घासून जाते. मोळीच्या मधोमध जी एक काडी आहे, तिला मधला किरण म्हणू. परातीचा मध्यबिंदू तो हाच.

आता एक २४ मिमीची एफ/२.८ लेन्स घेऊ, ६७ मिमी फिल्टर बसणारी. ६७ हा आट्यांचा आकडा. काचेचं मोकळं वर्तुळ साधारण ६४ मिमीचं, म्हणजे त्रिज्या ३२. समजा लेन्सची पुढची कड बाहुलीपासून २८ मिमी पुढे आहे. कोपऱ्याचा मधला किरण दर मिलिमीटरला ०.९ मिमीने बाहेर सरकतो. उघड्या लेन्सवर, फिल्टर नसताना, तो कडेपाशी २५.२ मिमीवर पोचतो. मोळीची अर्धी जाडी ४.३ धरली तरी २९.५. कड ३२ वर. मोकळं.

४ मिमीचा यूव्ही चढवला. कड आता बाहुलीपासून ३२ मिमी पुढे. मधला किरण २८.८ वर, मोळीची बाहेरची बाजू ३३.१ वर. एफ/२.८ ला मोळीचा जेमतेम आठ टक्के भाग कापला जातो. कुणाच्या लक्षातही येत नाही. एफ/११ ला मोळी बारीक होऊन ती बाजू २९.९ वर येते आणि काही कापलं जात नाही. इथे ‘बंद करा, जाईल’ हा सल्ला बरोबर.

त्यावर ५ मिमीचा पोलरायझर चढवला. कड ३७ मिमी पुढे गेली. मधला किरण ३३.४ वर. म्हणजे मधला किरणच रिंगवर आदळला! एफ/२.८ ला जाड मोळीची आतली बाजू अजून ३२ च्या आत असते, त्यामुळे सुमारे ३० टक्के प्रकाश सेन्सरच्या कोपऱ्यापर्यंत पोचतो. नुकसान पावणेदोन स्टॉपच्या आसपास. एफ/११ ला मोळी ३२.३ ते ३४.४ एवढ्याच पट्ट्यात येते, अख्खी रिंगच्या धातूवर. कोपऱ्यात शून्य.

हेच सेन्सरवर उमटतं ते असं: एफ/२.८ ला मध्यापासून १८ मिमीवर काळोखी सुरू होते आणि कोपऱ्यापर्यंत हळूहळू वाढत जाते, पण पूर्ण काळं कुठेच होत नाही. एफ/११ ला ती २० मिमीपर्यंत अजिबात नसते, आणि पुढच्या दीड मिलिमीटरमध्ये पूर्ण काळं होऊन संपतं. दोन्हींत एक जागा सामाईक आहे, साधारण २०.८ मिमीवर. तिथे रिंगची कड नेमकी मधल्या किरणाला शिवते आणि मोळी अर्धी कापली जाते. अ‍ॅपर्चर काहीही ठेवा, ही अर्ध्या प्रकाशाची रेषा तिथून हलत नाही. अ‍ॅपर्चर फक्त तिच्या दोन्ही बाजूंचा उतार बदलतं: उघडं असेल तर लांबलचक चढण, बंद असेल तर कडा.

दुसऱ्या शब्दांत सांगायचं, तर फिल्टरची रिंग ही चौकटीतली सगळ्यात जवळची वस्तू असते. ती भयंकर आउट ऑफ फोकस असते म्हणून एरवी सावलीसारखी दिसते. अ‍ॅपर्चर बंद केल्यावर बाकी सगळ्या गोष्टींबरोबर तिचीही कड रेखीव होते. डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे रेखीव दिसणाऱ्या अंतराचा पट्टा, समोरच्या दगडाला मिळते तशी रिंगलाही मिळते.

वरच्या उदाहरणात यूव्ही काढून नुसता पोलरायझर ठेवला, तर कड ३३ वर येते, मधला किरण २९.७ वर, आणि एफ/११ ला कोपरे स्वच्छ. चार मिलिमीटर काचेचा हा सौदा आहे. ‘लेन्सच्या संरक्षणासाठी’ यूव्ही कायमचा ठेवून त्यावर बाकी सगळं चढवायची सवय वाइड लेन्सवर महागात पडते, ती इथे.

एक सूट मात्र द्यायला हवी. वाइड लेन्समध्ये तिरकं बघितलं की बाहुली जागची हलते, बहुधा पुढे सरकते, आणि तिचा आकारही बदलतो. त्यामुळे असलं गणित थोडं जास्त भीती दाखवतं. प्रत्यक्षात लेन्स दोन-तीन मिलिमीटर उदार निघते. झूम लेन्समध्ये फोकल लेंथ बदलली की बाहुली पुढेमागे होते, तेव्हा तिथे आकडे आणखी सैल धरावेत. पण मोळी, कड आणि मधला किरण यांचं नातं बदलत नाही.

कोपऱ्यात अंधार आणणारे आणखीही काही जण आहेत आणि सगळ्यांचा दोष फिल्टरवर ढकलून चालत नाही. एक अंधार निव्वळ भूमितीचा. तिरकस पडणारा प्रकाश पातळ पसरतो, कोनाच्या कोसाइनच्या चौथ्या घाताने. ४२ अंशांना कागदावर पावणेदोन स्टॉप, २३ अंशांना अर्धा. अ‍ॅपर्चर बंद करून यात काहीही फरक पडत नाही. दुसरा अंधार लेन्सच्या स्वतःच्या नळीचा. वेगवान लेन्स पूर्ण उघडी असताना पुढच्या आणि मागच्या काचांच्या कडा तिरकी मोळी दोन बाजूंनी चावतात. इथे मधला किरण सहसा सुरक्षित असतो, म्हणूनच दोन-तीन स्टॉप बंद केल्यावर हा अंधार जातो, आणि म्हणूनच तो सल्ला इतका पसरला. फिल्टर आणि हूडचा अंधार तिसरा. त्याला मधल्या किरणाची पर्वा नसते. तुम्ही जितकं पुढे रचाल तितकं तो खातो.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर सगळ्यात सोपी पद्धत रात्रीची. लेन्स पूर्ण उघडी ठेवा, फोकस जवळ आणा, आणि लांबचा एखादा दिवा चौकटीच्या अगदी कोपऱ्यात घ्या. दिवा धूसर चकतीसारखा दिसेल. ती चकती म्हणजे त्या कोपऱ्याला दिसणारी बाहुली, जशीच्या तशी. फिल्टर नसताना ती बहुतेक लेन्सवर लिंबासारखी, मांजराच्या डोळ्यासारखी निमुळती दिसते. तो नळीचा चावा. मग फिल्टर आणि हूड चढवून पुन्हा बघा. चकतीतून आणखी एक घास गेला असेल, तर तो तुमच्या सामानाचा. घास चकतीच्या मध्याच्या अलीकडेच थांबला असेल, तर बंद अ‍ॅपर्चरवर निश्चिंत राहा. मध्य ओलांडून गेला असेल, तर एफ/१६ ला तो कोपरा जाणार. फक्त लक्षात ठेवायचं की फोकस जवळ आणल्यावर बऱ्याच लेन्सचा दृष्टिकोन थोडा अरुंद होतो, म्हणून ही परीक्षा जराशी सौम्य असते.

४ बाय ५ इंचाचे मोठे फिल्म कॅमेरे वापरणाऱ्यांकडे याहून नेटकी युक्ती आहे. त्या कॅमेऱ्यांच्या मागच्या दुधी काचेचे चारही कोपरे बहुधा तिरके कापलेले असतात. त्या कापलेल्या फटीला डोळा लावून लेन्सकडे बघायचं. अ‍ॅपर्चरचं वर्तुळ पूर्ण गोल दिसलं तर कोपऱ्याला पूर्ण प्रकाश मिळतोय. पुढे भात्यासारखा लांबणारा हूड असेल, तर तो हळूहळू पुढे काढत राहायचं. त्याची कड वर्तुळात शिरताना दिसली की थोडं मागे. इथली मेख अशी की हे ज्या अ‍ॅपर्चरवर फोटो घ्यायचा त्यावरच करायचं. एफ/५.६ ला हूडची कड वर्तुळाला नुसती शिवत असेल, तर एफ/२२ ला हूड अजून बराच पुढे काढायला जागा असते, आणि हूड जितका लांब तितकी बाजूची झळ कमी. उलट एफ/५.६ वर ‘अर्धं तर दिसतंय’ म्हणून समाधान मानलं आणि मग एफ/२२ केलं, तर वर्तुळ कडेच्या मागे गडप. लेन्स वर उचलून उंच इमारत सरळ करायची असेल, तर वरच्या बाजूचे कोपरे आणखी तिरके होतात. हूड तिथे वेगळा तपासावा लागतो.

साध्या हूडचं गणितही असंच करता येतं. ५० मिमीच्या एफ/१.८ लेन्सवर ३० मिमी त्रिज्येचा गोल हूड हवा असेल, तर पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर तो बाहुलीपासून ३७ मिमीपर्यंतच जाऊ शकतो. कायम एफ/८ वरच काम करणार असाल, तर ६२ मिमीपर्यंत. कंपन्या हूड बनवतात ते उघडं अ‍ॅपर्चर आणि झूमचं सगळ्यात रुंद टोक गृहीत धरून. म्हणून २४–७० च्या हूडचा ७० मिमीला जवळपास काही उपयोग होत नाही, अशी तक्रार ऐकू येते. तक्रार खरी आहे, इलाज सहसा नाही.

पाकळ्यांचा हूड हा चौकटीच्या आकाराशी केलेला करार आहे. वर आणि खाली लांब पाकळ्या, कारण चौकट त्या बाजूंनी कमी पसरलेली; डावी-उजवीकडे आखूड; आणि कोपऱ्यांच्या दिशेने खाचा. तो थोडा फिरला, पूर्ण ‘क्लिक’ होईपर्यंत बसवला नाही, की लांब पाकळीचा खांदा कोपऱ्यात येतो. कर्णाच्या दोन टोकांचे कोपरे काळे आणि बाकीचे दोन स्वच्छ असले, तर आधी हूडच बघावा. जुन्या ज्या लेन्सचं तोंड फोकस करताना फिरतं, तिच्यावर पाकळ्यांचा हूड नकोच, गोलच हवा. आणि हूड कुठे बसतो हेही बघायचं. लेन्सच्या बाहेरच्या नळीवर बसत असेल, तर आत फिल्टर लावल्याने हूड हलत नाही. पण फिल्टरच्या आट्यांतच स्क्रूने बसणारा हूड असेल, विशेषतः ते घडी होणारे रबरी, तर प्रत्येक फिल्टर त्याला आणखी पुढे ढकलतो.

इलाजांपैकी स्टेप-अप रिंग हा सगळ्यात कमी वापरला जाणारा आणि सगळ्यात शहाणा. ६७ वरून ७७ ला नेणारी रिंग सुमारे ३ मिमी जाडीची. त्यावर ५ मिमीचा ७७ चा पोलरायझर. कड ३६ मिमी पुढे गेली खरी, पण मोकळी त्रिज्या ३७ झाली. कोपऱ्याच्या मोळीची बाहेरची बाजू एफ/२.८ लाही ३६.७ वर, म्हणजे कडेच्या आत. ३ मिमी जाडीमुळे २.७ मिमी गमावले आणि रुंदीत ५ कमावले. शिवाय एकच चांगला ७७ चा पोलरायझर घ्यायचा आणि सगळ्या लेन्सवर फिरवायचा. तोटा एवढाच की लेन्सचा स्वतःचा हूड मग बसत नाही. स्लिम फिल्टरचाही उपयोग होतो, पण त्याला पुढे बहुधा आटे नसतात आणि नेहमीची चिमट्याची टोपी त्यावर टिकत नाही. प्रवासात ती कुठे पडली हे नंतर कळतं.

स्टेप-डाउन रिंग, म्हणजे लेन्सपेक्षा लहान फिल्टर बसवणारी, वाइडवर विसरा. टेलिवर, म्हणजे लांबचं जवळ आणणाऱ्या लेन्सवर, तिचा परिणाम निराळाच होतो. २०० मिमी एफ/२.८ ची बाहुली ७१ मिमी, आणि ६७ चा फिल्टर ६३–६४ मिमी मोकळा. इथे कोपऱ्यांआधी मध्यभागाचीच मोळी कापली जाते. लेन्स गुपचूप एफ/३.२ च्या जवळ जाते आणि कोपऱ्यांना त्याहून कमी मिळतं. एफ/८ वर बाहुली २५ मिमीची झाली की त्याच रिंगचं काहीच जाणवत नाही.

जे सामान आहे त्यातच भागवायचं असेल, तर झूम थोडं आत घ्या. आपल्या उदाहरणातली लेन्स झूम आहे आणि बाहुली जागची हलली नाही असं धरलं, तर २६ मिमीवर एफ/११ ला कोपरे जेमतेम सुटतात. आणि मधला किरण कापला जातोच आहे, फोटो तर आत्ताच घ्यायचा आहे, अशी वेळ आली, तर अ‍ॅपर्चर उघडा. हे ऐकायला उलटं वाटतं. पण एफ/४ ला कोपऱ्यात थोडा तरी प्रकाश असतो आणि रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या, फाइलमधून तो दीड-दोन स्टॉप वर ओढता येतो. एफ/१६ च्या काळ्या कोपऱ्यात ओढायला काहीच नसतं. तिथे कात्रीच. क्रॉप (फुल फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरवर फुल फ्रेमची लेन्स वापरणाऱ्यांचा यातल्या बहुतेक गोष्टींशी संबंधच येत नाही. त्यांचा कोपरा मध्यापासून १४ मिमीच्या आसपास संपतो.

घरी एकदा नीट तपासून ठेवावं. ढगाळ आभाळ म्हणजे फुकटचा लाइटबॉक्स, आणि पावसाळ्यात त्याची कमतरता नाही. कॅमेरा स्टँडवर, झूम सगळ्यात रुंद, फोकस हाताने अनंतावर. कॅमेऱ्यातलं लेन्स करेक्शन बंद, स्टॅबिलायझेशन बंद, कारण सेन्सर हलवणाऱ्या कॅमेऱ्यांत सेन्सर एका बाजूला सरकला की तिकडचे कोपरे जास्त काळे होतात. आयएसओ एकच. मग एफ/२.८ ला १/१०००, एफ/४ ला १/५००, असं करत एफ/११ ला १/६०, एफ/१६ ला १/३०. उजेडाप्रमाणे सगळी शिडी वरखाली सरकवा. आधी नुसत्या लेन्सवर ही मालिका, मग सामानासकट. दोन्ही फोटो एकमेकांवर ठेवून स्क्रीनवर उलटसुलट करा. ज्या एफ नंबरपासून सामानवाल्या फोटोचे कोपरे नुसत्या लेन्सपेक्षा रेखीव काळे होऊ लागतात, तो आकडा फिल्टरच्या डबीवर मार्करने लिहून ठेवा.

हा अंधार वेळीच का दिसत नाही, याचीही कारणं साधीच आहेत. बऱ्याच डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमध्ये फोटोच्या ९५ टक्क्यांच्या आसपासच दिसतं, आणि तेही अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं असताना. म्हणजे सावली सौम्य आणि तीही चौकटीबाहेर. डेप्थ ऑफ फील्ड बघायचं बटण दाबलं तरच खरी कड दिसते. फिल्मच्या काळात स्लाइडच्या फ्रेमची खिडकी मूळ चौकटीपेक्षा थोडी लहान असायची, तिने कित्येक कोपऱ्यांची अब्रू राखली. आता ते काम कॅमेऱ्यातलं डिस्टॉर्शन करेक्शन करतं. ते कोपरे ताणून कापतं, म्हणून जेपेगमध्ये सगळं छान आणि रॉमध्ये काळं. आणि लेन्सचं प्रोफाइल (सॉफ्टवेअरमधली त्या लेन्ससाठीची दुरुस्ती) कोपरे उजळवतं ते लेन्सच्या स्वतःच्या काळोखीपुरतं. पुढे कोणते दोन फिल्टर रचलेत हे त्याला ठाऊक नसतं.

पोलरायझरच्या बाबतीत आणखी एक फसगत होते. सूर्यापासून ९० अंशांवरचं आभाळ सगळ्यात गडद होतं, आणि वाइड लेन्समध्ये हा पट्टा चौकटीच्या एका बाजूला किंवा कोपऱ्यात येतो. त्याला व्हिग्नेटिंग, म्हणजे कोपऱ्यांचा हाच अंधार, समजून लोक नवा स्लिम फिल्टर आणतात. पोलरायझर पाव फेरी फिरवा. अंधार निवळला किंवा बदलला तर तो आभाळाचा, जिथल्या तिथे राहिला तर रिंगचा.

मोळीचा हाच नियम फिल्टरच्या काचेलाही लागू पडतो. मोठ्या फिल्मच्या वाइड लेन्ससाठी सेंटर फिल्टर मिळतात, श्नायडरसारख्या कंपन्यांचे: मध्ये गडद, कडेला पारदर्शक, कोसाइनची चोरी भरून काढायला. ते पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर नीट चालत नाहीत. जाड मोळी गडद आणि पारदर्शक दोन्ही भाग एकदमच व्यापते आणि सगळं सरमिसळ होतं. दोनेक स्टॉप बंद केल्यावर प्रत्येक मोळीला काचेचा आपला असा छोटा तुकडा मिळतो. आभाळ दाबणाऱ्या, अर्ध्या गडद अर्ध्या पारदर्शक ग्रॅज्युएटेड फिल्टरची रेषाही अशीच. २०० मिमीच्या लेन्सवर, एफ/४ ला, हार्ड (गडदपणा एकदम संपणाऱ्या) ग्रॅडची रेषा शोधूनही सापडत नाही. २० मिमीवर एफ/१६ ला ती डोंगराच्या माथ्यावरून सरळ पट्टी ओढल्यासारखी दिसते. वाइड लेन्स आणि बंद अ‍ॅपर्चर असेल तर सॉफ्ट (हळूहळू फिका होणारा) ग्रॅड घ्यावा आणि रेषा कुठे बसते ते एफ/१६ लावूनच बघावं.

काचेवरचा पावसाचा थेंबही याच हिशेबात येतो. ५० मिमीवर एफ/२ ला थेंबामुळे कॉन्ट्रास्ट किंचित कमी होतो, एवढंच. २० मिमीवर एफ/१६ ला तोच थेंब धूसर डाग होऊन कासच्या फुलांवर बसतो. वाइडचा हूड आखूड असतो, त्याने पाऊस अडत नाही. मग कुणीतरी मागून छत्री धरतं. छत्री म्हणजे लांबवर धरलेला हूडच. तिची कड कोपऱ्यातल्या मधल्या किरणाच्या अलीकडे आली, तर एफ/४ ला वरच्या कोपऱ्यात करडा ढग दिसतो, तोही आभाळात मिसळून जाणारा. एफ/१६ ला काडी कुठली आणि कापड कुठलं, हे ओळखू येतं.